नाही म्हणणारा डॉक्टर

आमच्या घरात मला सगळे वहिमी म्हणायचे. दूधवाल्याच्या मापापासून शेजारणीच्या गोड बोलण्यापर्यंत कशावरही माझा पटकन भरवसा बसत नसे. भाड्याचं घर बघायला गेलो की नवरा खोल्या बघायचा आणि मी भिंतींवरून हात फिरवत भेगा शोधायची. हा स्वभाव मी माहेरून आणला नव्हता. तो भूकंपानंतर आला.

त्या वर्षी मी नांदेडला डी.एड. करत होते आणि गणपतीसाठी औशाकडच्या एका गावात मामांकडे गेले होते. विसर्जन झालं आणि पहाटे घर अंगावर आलं. मामांच्या घराच्या भिंती हातभर रुंद, दगड-मातीच्या. गावात त्या भिंतींचं कौतुक होतं. त्याच भिंतींखाली मामा-मामी गेले. माझ्या पोटावर माळवदाच्या छपराचं लाकूड आडवं पडलं होतं. मला कुणी बाहेर काढलं, कुठल्या गाडीत घातलं, काही आठवत नाही. सोलापूरच्या दवाखान्यात माझं पोट उघडलं. फुटलेली प्लीहा काढून टाकली, आतड्याला टाके घातले. काही दिवसांनी आत पू झाला म्हणून तेच टाके काढून पुन्हा उघडलं. खाटा कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे आम्ही बरेचजण जमिनीवरच होतो. माझा मोठा भाऊ, दादा, नांदेडहून निघाला आणि छावण्या पालथ्या घालत तिथं पोचला. मी उठून चालायला लागेपर्यंत तो माझ्या गादीशेजारी वर्तमानपत्र अंथरून राहिला. घरी निघताना कागद दिले असतील, तर ते त्या गोंधळात कुठं गेले कुणास ठाऊक. माझ्याजवळ राहिला तो बरगड्यांच्या मधोमध सुरू होऊन बेंबीला वळसा घालून खाली गेलेला जाड, वेडावाकडा व्रण.

लग्न ठरताना आम्ही तो लपवला नाही. सासूबाई चाकूरहून आल्या, मला आतल्या खोलीत नेलं आणि पदर बाजूला करायला लावून नीट बघितलं. मग माझ्या आईकडे वळून म्हणाल्या, "ह्यातून लेकरू व्हतंय का पण?" मला नाही विचारलं. पुढं मुलगी झाली, तीही बिनटाक्याची, तरी काही महिने त्या माझ्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत असायच्या.

आम्ही लातूरला राहत होतो. नवरा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि सकाळ-संध्याकाळ शिकवणीच्या बॅचेस घ्यायचा. मी एका शाळेत शिक्षिका होते. लातूरच्या चौकाचौकांत तेव्हा बोर्डात आलेल्या पोरापोरींचे फोटो लटकायला लागले होते. बीडकडून, परभणीकडून, थेट विदर्भातून मुलं शिकायला येत. ज्याच्या घरात एक खोली जास्त, तो तिच्यात खाटा टाकून वसतिगृह काढी. आम्हीही वरचा मजला मुलींना दिला होता. एकदा मी एकाच मुलाचा फोटो तीन वेगळ्या क्लासच्या फलकांवर बघितला. तिन्हीकडे खाली 'आमचा विद्यार्थी'. नवऱ्याला ओढत नेऊन दाखवला.

"तिन्हीकडं गेला असंल तो," नवरा म्हणाला.

"आणि झोपला कधी?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

भूकंपाला बारा-तेरा वर्षं झाली असतील तेव्हा माझं पोट दुखायला लागलं. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कुणीतरी मूठ आवळल्यासारखं व्हायचं आणि कळ पाठीत जायची. मला वाटलं, जुनंच काहीतरी आत उसवलं. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. शाळेत फळ्याला टेकून उभी राहायची, घरी ओवा चावायची. शेवटी एका रविवारी ताटावरून उठून मी मोरीत ओकले तेव्हा नवऱ्यानं सोनोग्राफी करायला लावली. पित्ताशयात खडे निघाले.

लातुरातल्या एका जुन्या सर्जनकडे आम्ही गेलो. साठीच्या आसपासचे गृहस्थ, कमी बोलणारे. त्यांचा दवाखानाही तसाच जुना, जिन्याच्या फरशा झिजलेल्या. त्यांनी सोनोग्राफीचा कागद बाजूला ठेवला आणि मला आधी टेबलावर झोपायला सांगितलं. व्रण बघून त्यांचा हात थांबला.

"हे कशाचं?"

"भूकंपातलं."

ते बराच वेळ बोटांनी व्रणाच्या दोन्ही बाजू चाचपत राहिले. श्वास आत घ्यायला लावला, खोकायला लावलं. "किती वेळा उघडलं?"

"दोनदा."

"दुसऱ्यांदा कशाला? पू झाला होता?"

"हो."

"मधल्या वर्षांत पोट फुगून उलट्या, संडासला अडकणं असं झालं कधी?"

झालं होतं, दोन-तीनदा. मी ते शिळ्या अन्नावर ढकललं होतं.

त्यांनी हात धुतले, पुसले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "पित्ताची पिशवी काढावी लागंल. पण दुर्बिणीनं मी करणार नाही. उघडूनच करू."

नवरा पुढं सरकला. "सर, आता तर सगळ्यांचंच दुर्बिणीनं होतंय."

"सगळ्यांचं होतं. ह्यांचं नको."

मग त्यांनी समजावून सांगितलं. दुर्बीण घालायच्या आधी बेंबीपाशी सुई खुपसून पोटात गॅस भरतात. त्यानं पोट तंबूसारखं वर उचललं जातं, आतडी खाली राहतात आणि हत्यारं फिरवायला जागा होते. "पण ज्याचं पोट आधी उघडलंय, त्यात पू झालाय, त्याची आतडी आतून पोटाच्या भिंतीलाच चिकटलेली असू शकतात. मग सुई सरळ आतड्यात जाते. आणि वाईट हे, की त्या वेळी ते समजेलच असं नाही. दोन-चार दिवसांनी पेशंट तापानं फणफणला की समजतं."

"सोनोग्राफीत दिसत नाही का, चिकटलंय की नाही?" मी विचारलं.

"खात्रीनं नाही सांगता येत."

म्हणजे त्यांनाही खात्री नव्हती. मी तेवढंच धरून ठेवलं.

जिना उतरताना नवरा म्हणाला, "येत नसंल त्यांना. ह्या वयात कुठं नवीन शिकायला जाणार?"

माझ्याही मनात तेच आलं होतं. दवाखान्यात कुठं मशीन दिसलं नव्हतं, भिंतीवर दुर्बिणीचं चित्र नव्हतं. शाळेत सांगितलं तर स्टाफरूममधल्या एका बाईंनी आवाज खाली करून वेगळंच सांगितलं. "उघडून केलं की जास्त दिवस ठेवून घेता येतं, मॅडम." ते ऐकून मला बरं वाटलं, हे आज सांगायला हरकत नाही. कारण सर्जन खोटं बोलत असले तर माझं पोट पुन्हा फाडायची गरज नव्हती. मला त्या वॉर्डाचा वास अजून येत होता. शेजारच्या गादीवरची बाई तिच्या मेलेल्या मुलांना हाका मारायची, तो आवाज येत होता.

दादाला फोन केला. त्याचं नांदेडला औषधांचं दुकान होतं, डॉक्टरांच्या गल्लीत, एका नव्या दवाखान्याच्या तळमजल्यावर.

"तू इकडं ये," तो लगेच म्हणाला. "वरच दवाखाना हाय. रोज दुर्बिणीनं करून राहिलेत. लोह्याच्या, कंधारच्या बाया येऊन तिसऱ्या दिवशी चालत घरी जाऊन राहिल्या."

"माझं पोट आधी उघडलेलं हाय म्हणून सांगितलंस का त्यांना?"

"सांगतो की. तू ये तर."

फोन ठेवला आणि मला नको तो विचार आला. दादाचं दुकान त्या दवाखान्यावर चालत होतं. वर पेशंट वाढला की खाली गिऱ्हाईक वाढणार. ज्या माणसानं माझ्यासाठी फरशीवर कागद अंथरून दिवस काढले, त्याच्याबद्दल हे मनात यावं याची लाज वाटली. पण विचार गेला नाही. मी नवऱ्यालाही बोलले नाही.

संक्रांत होऊन गेली होती. बारावीच्या परीक्षा तोंडावर होत्या आणि नवऱ्याच्या बॅचेस सकाळी सहापासून भरत. त्याला महिनाभर अंथरुणात पडलेली बायको परवडणारी नव्हती, हेही मला दिसत होतं. त्यानं दोन दिवस मोकळे केले आणि आम्ही एसटीनं नांदेडला गेलो.

दवाखान्याच्या दर्शनी भागावर मोठा फलक होता. हिरव्या साडीतली हसरी बाई, शेजारी 'मोठी चीर नाही, तिसऱ्या दिवशी घरी'. मी खाली उभी राहून त्या बाईकडे बघत होते. तिच्या पोटाला काय झालं होतं कोण जाणे.

"चल की," नवरा म्हणाला. "फलक कसला वाचत बसलीस?"

तिथले सर्जन तरुण, तरतरीत आणि गोड बोलणारे होते. बाहेर रांग होती. त्यांनी सोनोग्राफी उजेडाकडे धरून बघितली, मान हलवली. "खडे आहेत. पिशवी काढून टाकू. तीन-चार बारीक छिद्रं, बस्स."

मी म्हणाले, "डॉक्टर, माझं पोट दोनदा उघडलेलं हाय."

"आधीची ऑपरेशनं असली तरी आम्ही करतो. काळजी करू नका, मॅडम." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "आज भरती व्हा. उद्या सकाळी घेऊ."

आम्ही बाहेर आलो. नवरा खूश होता, खाली दादा खूश होता. मी मात्र बाकावर बसून राहिले. काहीतरी चुकलं होतं आणि काय ते सापडत नव्हतं. मग सापडलं. त्यांनी मला झोपायला सांगितलं नव्हतं. पदराला हात लावला नव्हता. लातूरच्या म्हाताऱ्यानं कागद बाजूला सारून पोट बघितलं, ह्यांनी पोट सोडून कागद बघितला.

"त्यांनी बघितलंच न्हाई," मी नवऱ्याला म्हणाले.

"काय?"

"माझं पोट."

"अगं, रोज करतात ते. बघायचं काय त्यात?" त्यानं कपाळाला हात लावला. "नाही म्हणणाऱ्यावर तुझा संशय, हो म्हणणाऱ्यावरबी तुझा संशय. मग करायचं कुणाकडं?"

त्याचं खोटं नव्हतं. मी भरती झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील. नाडी, रक्तदाब, दात हलतात का, दमा आहे का, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी छातीला तपासायची नळी लावायला गाऊन सरकवला आणि फटीतून व्रणाचं वरचं टोक दिसलं. त्यांनी गाऊन वर केला.

"हे केव्हाचं?"

मी परत सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण त्यांचा चेहरा बदलला. "सरांनी बघितलंय ना हे?" त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हणाले. त्या बाहेर गेल्या आणि दाराबाहेर हळू आवाजात बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते, फक्त बाईंचा आवाज आणि मग पुरुषाचा, मग पुन्हा बाईंचा. माझ्याबद्दल कुणीतरी हळू बोलतंय हे मला कधीच सोसत नाही. मी खाटेवरून उतरून दारात जाऊन उभी राहिले.

सर्जन आणि त्या, दोघं दचकले.

"मॅडम, तुम्ही झोपा," सर्जन म्हणाले.

"झोपते. पण आधी एक सांगा. पोटात पहिली सुई घालता ती बघून घालता का?"

त्यांनी मला क्षणभर निरखलं. बहुतेक हे मला कुठून कळलं याचा अंदाज घेत असावेत. मग खाटेपाशी आले, मला झोपायला लावलं आणि पहिल्यांदा माझ्या पोटावर हात ठेवला. चांगला वेळ लावून बघितलं. मला खोकायला लावलं, लातूरला लावलं होतं तसंच.

"नाही," ते म्हणाले. "पहिली सुई अंदाजानं जाते. हाताला कळतं, पण दिसत नाही."

"आणि खाली आतडं चिकटलेलं असलं तर?"

"बेंबी टाळून दुसरीकडून जाता येतं. डाव्या बरगडीखालून..." ते बोलता बोलता थांबले आणि त्यांचं बोट माझ्या डाव्या बरगडीखालीच थांबलं. "पण तुमची प्लीहा इथूनच काढलीय." त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. "छोटी चीर देऊन बघत बघत आत जायचीही पद्धत असते. तीही ह्या व्रणातूनच जाणार."

"मग?"

"मग प्रयत्न करू, नाही जमलं तर उघडू, असं म्हणता येईल." ते खुर्ची ओढून बसले. पुढचं ते हळू बोलले. "पण मला विचाराल तर, मॅडम, माझी बहीण असती तर मी सुई घातली नसती. काल मी बघायला हवं होतं. गर्दी होती. चुकलं."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट लगेच दुसराच संशय आला: हा आता घाबरून अंग काढून घेतोय की खरं बोलतोय? मी विचारलं, "मग तुम्ही उघडून कराल का?"

"करीन की. आज, आत्ताही."

पण मला तिथं थांबायचं नव्हतं. ज्यानं आधी बघितलं नाही त्याच्या हातात पोट द्यायला मन तयार होईना. मी साडी नेसले. नवरा चहा पिऊन वर आला तर मी पिशवी भरून बसलेली.

खाली दादा दुकानाच्या पायरीवर उभा. "बाई, काय करून राहिलीस तू हे? सगळी तयारी झालती."

"डॉक्टरच नको म्हणले, दादा."

"काल तर हो म्हणून राहिले होते!"

"काल बघितलं नव्हतं."

तो एकदा जिन्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती की नुकसान, हे मी ओळखायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

आम्ही परतीची बस धरली. लोह्याला नवऱ्यानं शेंगदाण्याची पुडी घेतली, मला देऊ केली, मग माझे खडे आठवले आणि स्वतःच खाल्ली. चाकूरला आम्ही सासूबाईंकडे उतरलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळे बारीक करून विचारलं, "दोघं डाक्टर एकमेकाला वळखतेत का?"

"आई, एक लातूरचा, एक नांदेडचा."

"फोन असतेत की."

त्या घरात मी एकटीच वहिमी नव्हते.

लातूरला परत येऊन मी ऑपरेशन पुढं ढकललं. परीक्षा होऊ देत, सुट्टी लागू देत. तेल-तूप सोडलं, ज्वारीची भाकरी आणि पातळ वरण यावर राहिले आणि मनातल्या मनात धरून चालले की खडे आपोआप विरघळतील. तसं कुणीच सांगितलं नव्हतं. मार्चात एका दुपारी सातवीच्या वर्गात धडा वाचताना कळ आली आणि ती गेलीच नाही. मुलींनी मला खुर्चीत बसवलं. अंगात थंडी भरली, दात वाजायला लागले. नवरा शिकवणी सोडून रिक्षा घेऊन आला.

"कुठं न्यायचं?" त्यानं विचारलं.

"म्हाताऱ्याकडं," मी म्हणाले.

जुन्या सर्जननी बघितलं, ताप बघितला आणि पहिल्यांदाच रागावले. "बाई, तुम्हाला प्लीहा नाही. तुमच्यासारख्यानं ताप अंगावर काढायचा नसतो. बाकीच्यांना जे दोन दिवसांत सुधारतं ते तुम्हाला महागात पडतं. हे कुणी सांगितलं नाही का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. किंवा सोलापुरात सांगितलं असेल आणि त्या आवाजात ऐकू आलं नसेल.

त्यांनी सलाईन लावली, इंजेक्शनं सुरू केली. आधी ताप उतरवू, मग ऑपरेशन, म्हणाले. ते जायला निघाले तेव्हा मी त्यांना थांबवलं. कळ थोडी कमी झाली होती आणि मला आता राहवत नव्हतं.

"सर, एक विचारू? तुम्हाला दुर्बिणीनं करता येतं का?"

नवरा एकदम खिडकीकडे वळला. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे हाकलून देणार.

"आज सकाळीच एक केलंय," ते म्हणाले. "वरच्या मजल्यावर आहेत. बघायचंय?"

"हो," मी म्हणाले.

मला उठता येत नव्हतं, म्हणून नवऱ्याला पाठवलं. तो नको नको म्हणत गेला आणि थोड्या वेळानं खाली आला. "मुरुडचे आजोबा हायत. पोटावर चार पट्ट्या. चहा पितायत," तो म्हणाला.

"मशीन पुण्याहून आणलंय, पाच वर्षं झाली," डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले. ते रागावलेले नव्हते, पण थोडं लागलं होतं त्यांना. "तुम्ही पहिल्या वेळी विचारलं असतं तर तेव्हाच दाखवलं असतं."

मी संशय घेण्यात हुशार होते, पण विचारायला मला नेहमी उशीर व्हायचा. नांदेडला विचारलं म्हणून तर उठून आले. इथं विचारलं असतं तर कदाचित नांदेडला गेलेच नसते.

ताप उतरल्यावर ऑपरेशन झालं. जुन्या व्रणाला त्यांनी हात लावला नाही. उजव्या बरगडीखाली तिरकी चीर घेऊन पिशवी काढली. मी शुद्धीवर येत होते तेव्हा सासूबाईंचा आवाज ऐकू आला. बाटलीत घातलेले खडे नातेवाइकांना दाखवायची पद्धत होती. तशी डॉक्टरांनी बाटली बाहेर पाठवली होती आणि सासूबाई ती उजेडाकडे धरून नर्सला विचारत होत्या, "हे हिचेच कशावरून?"

नर्स काहीतरी म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "न्हाई, मी आपलं इचारते."

संध्याकाळी डॉक्टर आले. नवऱ्याला आणि मला दोघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उघडल्यावर आतून हात फिरवून बघितलं. बेंबीच्या खाली आतडं भिंतीला चिकटलेलं आहे. चांगलं तळहाताएवढ्या जागेत. तिथंच सुई गेली असती." त्यांनी आणखी काही म्हटलं नाही. माझी नाडी बघितली आणि गेले.

नवरा माझ्या पायाशी येऊन बसला. मग म्हणाला, "मीच तुला नेलं होतं तिकडं." त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

पुढचे दिवस सोपे नव्हते. खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरायची. जखमेच्या एका टोकातून पाणी यायला लागलं तेव्हा मला पुन्हा सोलापूर आठवलं, आणि रोज ड्रेसिंगला मी मान उचलून उचलून बघायची, पू तर नाही ना. "पाणी आहे, पू नाही," डॉक्टर म्हणायचे. मी कापूस मागून घेऊन स्वतः हुंगायची. त्यांनी एकदाही हसून टाळलं नाही. कापूस पुढं धरायचे. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा मी घरी आले होते आणि जखम कोरडी पडली होती. वरच्या मजल्यावरच्या मुली परीक्षा संपवून आपापल्या गावी निघाल्या होत्या आणि जाताना एकेक करून माझ्या खाटेपाशी येऊन गेल्या.

मे महिन्यात दादा आला. मोसंबी घेऊन आला होता, माझ्या खाटेशेजारी बसून सोलत होता. इकडचं तिकडचं बोलून झालं. मला माहीत होतं, आता नाही विचारलं तर जन्मभर मनात राहील.

"दादा, एक विचारू? रागवायचं न्हाई."

"विचार की."

"मी तिथं ऑपरेशन केलं असतं तर तुझं काही... म्हणजे तुला काही मिळालं असतं का?"

त्याच्या हातातली फोड तशीच राहिली. मग त्यानं ती ताटलीत ठेवली. "हाव," तो म्हणाला. "औषधं माझ्याच दुकानातून गेली असती. वरचे सगळेच पेशंट माझ्याकडून घेतेत. वेगळं काय न्हाई." तो थांबला. "पण तुला खरं सांगू का? लातूरचा डॉक्टर उघडायचं म्हणला असं तू फोनवर सांगितलंस, तवा माझ्या अंगावर काटा आला. तुला त्या गादीवर मी बघितलंय, तू न्हाई बघितलंस. तुला पुन्हा फाडलेली बघायची माझ्यात ताकद न्हाई. दुर्बिणीनं व्हतंय म्हणल्यावर मी दुसरं काय ऐकलंच न्हाई."

"मग डॉक्टरांना सांगितलं होतंस का, माझं पोट आधी उघडलेलं हाय म्हणून?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण असं... उभ्या उभ्या. जिन्यात."

मी मान हलवली. त्यानं पुन्हा मोसंबी सोलायला घेतली. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील असं मला वाटलं, दुकानही आणि काटाही. कुठली जास्त, ते मी विचारलं नाही. त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारच्या गाडीनं तो निघाला. मी पोटावर हात धरून दारापर्यंत गेले. रस्त्याच्या वळणावर तो थांबला आणि मागं वळून ओरडला, "आत जा, ऊन हाय." मी तो दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभी राहिले.